भागीकाकीचं गूळपाणी

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज हो नाशिकचो प्रशांत आपल्या झीलाक घेवन आमच्यात इलो आसा. झीलाचां नाव अर्णव, वय वर्सां धा, कारल्याची भाजी खाणा नाय. तेका शाळेत कोण हसलो असात, कोणी मारल्यान असात, कोणाची वायट नजर लागली असात, तर ती भायरच्या भायर काड. आणि तेका बुदी दी, भूक दी, झोप दी रे म्हाराजा!”

हा शेजारच्या भागीकाकीचा एक व्हॉइस मेसेज आहे. एक मिनिट अकरा सेकंदांचा. आता तिचा असा मेसेज ग्रूपवर पडला की पाच मिनिटांच्या आत नागपूरपासून सांगलीपर्यंतची शिकलीसवरलेली माणसं खाली निमूटपणे लिहितात, “व्हय म्हाराजा.” एक बाई बंगळूरहून “होय महाराज” असं शुद्ध लिहायच्या, त्यांना भागीकाकीने फोन करून झापलं. तेव्हापासून त्याही “व्हय” लिहितात. नव्या माणसाचं असं स्वागत दुसऱ्या कुठल्या ग्रूपमध्ये होत असेल तर मला दाखवा.

हा ग्रूप आहे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईबापांचा. तो सुरू केला मी. मी घरांचे नकाशे काढतो. आठवड्यातून दोनदा कणकवलीला एका बिल्डरच्या ऑफिसात जातो, बाकीचं काम कुणकेश्वरच्या अलीकडच्या आमच्या वाडीत, घरात बसून. माझी बायको मेघना आणि मी मिळून आमच्या ओवीला घरीच शिकवतो. का शिकवतो, ते मी इथे सांगणार नाही. गेली चार वर्षं मी तेच सांगत फिरतोय. एसटीत सांगितलं, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत वाढप्याला सांगितलं. आता बस्स झालं.

वाडीतल्या प्रत्येकाने मला सल्ला दिला. ज्याचा मुलगा तीनदा बारावीला बसला त्यानेही दिला. दिला नाही तो एकट्या भागीकाकीने. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक गडगा आहे, म्हणजे दगड रचून केलेली कंबरेएवढी भिंत. त्या गडग्यावरून ती दिवसातून दहा वेळा बोलते, पण ओवीच्या शाळेबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, हिला यातलं काही कळत नसेल. माझी अक्कल तेवढीच.

काकी ग्रूपमध्ये आली ती चुकून. चूकही माझीच. झालं असं, की आमच्या वाडीचा मासळीचा एक ग्रूप आहे. सकाळी होड्या लागल्या की आज काय मिळालं ते त्यावर कळतं. काकीने नवा फोन घेतला आणि म्हणाली, “माका त्या ग्रूपात घाल रे सत्या.” मी कुठल्याशा जिन्याच्या मापात गुंतलो होतो. घातली. घातली ती घरच्या शाळेच्या ग्रूपमध्ये.

पहिल्याच सकाळी तिने ओवीकडून लिहून घेतलेला मेसेज टाकला, “आज सुरमई इली काय?” त्यावर पुण्याच्या एका आईने लगेच कळवलं, “खूप छान विषय! आम्हीही या महिन्यात मासे हाच प्रकल्प घेतला आहे.” काकीने दोन दिवस वाट पाहिली. सुरमई काही आली नाही. मी चूक सुधारायच्या आत नाशिकचा तो प्रशांत आला आणि त्याने लिहिलं, “नमस्कार. मी नवीन आहे. मुलाने शाळा सोडलीय. मला काही सुचत नाही.”

त्या वेळी आमच्या ग्रूपमध्ये गणिताचं कुठलं पुस्तक चांगलं यावरून जुंपली होती. दोन तट पडले होते. प्रशांतच्या मेसेजखाली कोणीतरी एक अंगठा टाकला आणि वाद पुढे चालू झाला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भागीकाकी फोन हातात धरून तडक आमच्या अंगणात.

“रे सत्या, तो नाशिकवालो दोन दिस दारात उभो आसा. तुमी कोण तेका बस म्हणूक नाय? लाजबिज काय आसा काय तुमका?”

“काकी, ता दार नाय. ग्रूप आसा तो.”

“दार नाय तर माणूस आत कसो इलो?”

 काकीने प्रशांतला फोन लावायला सांगून पोराचं नाव, वय, खाणंपिणं विचारून घेतलं, मग मला बटण दाखवायला लावलं, घसा खाकरला आणि तिथे उभ्या उभ्याच पहिलं गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी देवाला असं गाऱ्हाणं घालतात, एकजण मागणं मागतो आणि बाकीचे होकार भरतात. तेच तिने मोबाइलवर केलं. होकार भरायला त्या दिवशी मी आणि ओवी दोघंच होतो. प्रशांतने उलट मेसेज पाठवला, तो रडत होता हे आवाजावरून कळत होतं. मग काकीला ग्रूपमधून काढायचा विषय मी काढलाच नाही.

हळूहळू तिची पद्धत पक्की झाली. गाऱ्हाण्याच्या आधी गूळपाणी. नवा माणूस आला की काकी तांब्या घासते, पाणी भरते, वाटीत गुळाचा खडा ठेवते, ओट्यावर मांडते आणि त्याचा फोटो पाठवते. मी म्हटलं, “काकी, एकच फोटो ठेव, तोच सगळ्यांका धाड.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा जीव अर्धा झाला. “शिळां गूळपाणी दितत काय रे पावण्याक? तुझ्या आवशीन हीच वागणूक शिकवल्यान?”

मग एकदा आमच्यासारख्या लोकांबद्दल वर्तमानपत्रात काहीतरी छापून आलं आणि एका दिवसात नऊजण ग्रूपमध्ये शिरले. काकीने नऊ वेळा तांब्या घासला, नऊ वेळा गूळ फोडला. मी गडग्यावरून विचारलं, “ह्यां पिता कोण मगे?”

“विनू.”

विनू म्हणजे काकीचा मुलगा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. काका जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून घरात ही दोघंच. विनू दिवसभर पडवीत बसून वाडीतल्या होड्यांची फाटलेली जाळी नीट करतो. हात त्याचा असा चालतो की बघत राहावं, तोंड मात्र चालत नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवतो, नाहीतर उठून आत जातो. वाडीत त्याला मुको म्हणतात. तो मुका नाही, आईशी दोन शब्द बोलताना मी ऐकलाय. पण मी स्वतः त्याच्याशी काय बोललो असेन इतक्या वर्षांत? “काकी आसा काय?” एवढंच. त्या दिवशी त्याने नऊ तांबे पाणी आणि नऊ खडे गूळ मुकाट्याने संपवला आणि जेवायला काही उठला नाही.

काकीचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. बाकीचे लोक नव्या माणसाला विचारतात, अभ्यासक्रम कुठला, बोर्ड कुठलं, पुढे काय ठरवलंय. काकी विचारते, “पोर जेवता काय? निजता काय? कोणाक भियेता?” एका ठाण्याच्या इंजिनियरने तिला आपल्या मुलीचं वर्षाचं वेळापत्रक पाठवलं, रंगीत, तासातासाचे चौकोन पाडलेलं. काकीने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि त्याला मेसेज केला, “बाबा, ह्यात चेडू मुतूक कदी जातली?”  नंतर कळलं, त्याने ते वेळापत्रक फाडलं.

तिच्या फोनमध्ये कोणाचंही धड नाव नाही. नावं ओवी घालून देते, काकी सांगेल तशी. ‘नाशिक कारलां’. ‘नागपूर पोटात दुखता’. ‘ठाणे चौकोन’. ‘सांगली घोव आयकणा नाय’, घोव म्हणजे नवरा. ओवीचं शुद्धलेखन यामुळे सुधारलं असा दावा मी करणार नाही. पण काकी या सगळ्यांना आळीपाळीने फोन करते, स्पीकर लावून, पडवीत विनूच्या शेजारी बसून. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी सांगते, “विनूपण तुमका विचारी होतो हां.” विनूने कोणालाही विचारलेलं नसतं. तो सुईत दोरा भरत असतो. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची.

देवळातले मानकरी आबा एकदा तिच्यावर चाल करून आले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि बाईमाणसाने ते घालायचं नसतं. आबा अंगणात उभे राहून बरंच बोलले. काकीने त्यांना बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि म्हणाली, “आबानू, देवळातलां गाऱ्हाणां तुमचां. तेका मी कदी हात लावलंय? पण ह्या मोबायलात तुमच्या घराण्याचो मान खंय आसा, तो माका दाखवा. दाखवलास तर आत्ता बंद करतंय.” आबांनी फोन हातात घेऊन थोडा वेळ उलटासुलटा करून पाहिला. मग पाणी पिऊन गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुण्याच्या नातीला आईबापांनी शाळेतून काढलं, तेव्हा तिच्यासाठी गाऱ्हाणं घाल म्हणून सांगायला आबाच आले होते.

म्हणजे आबांचं प्रकरण निभावलं. निभावणं कठीण गेलं ते मृणालताईंचं.

मृणालताई पुण्याच्या. त्यांचा मुलगा ईशान आठ वर्षांचा, तोही घरीच शिकतो. बाई हुशार, कष्टाळू आणि मनाने चांगली, हे आधीच सांगून ठेवतो. ग्रूप सहाशेच्या घरात गेला आणि मला आवरेना, तेव्हा त्याच मदतीला धावल्या. पण त्यांना प्रत्येक गोष्ट रीतसर लागते. काकीला त्या ‘भागीकाकू’ म्हणायच्या आणि काकी दर वेळी उत्तर द्यायची, “काकू पुण्यात. हय काकी.”

त्यांनी मला फोन करून नियम वाचून दाखवले. नव्या सदस्याला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज. व्हॉइस मेसेज तीस सेकंदांच्या आत. देवाधर्माचं काही नको, कारण सगळे एका विचाराचे नसतात. आणि प्रत्येकाने रविवारपर्यंत एक फॉर्म भरायचा. ज्यांचं मूल घरी शिकत नाही, त्यांना ग्रूपमधून कमी करायचं, कारण आत बघे फार झालेत.

“भागीकाकूंचं वाईट वाटतं हो,” त्या म्हणाल्या. “पण त्यांचं कुठे कोणी शिकतंय? एकीला सूट दिली की सगळेच मागतील.”

मी “बरोबर आहे” म्हणालो. एरवी मी साऱ्या जगाशी भांडतो, पण समोरच्याने मुद्दे क्रमाने मांडले की माझी बोबडी वळते. हे माझ्या बायकोला माहीत आहे, आता तुम्हालाही कळलं.

शुक्रवारी यंत्राचं स्वागत सुरू झालं. सोलापूरच्या एका बाईने लिहिलं, “माझी मुलगी शाळेचं नाव काढलं की उलट्या करते. मी काय करू?” लगेच खाली उत्तर आलं, “आपले समूहात स्वागत आहे. कृपया नियम वाचून फॉर्म भरा.” काकी तांब्या घासायला उठली होती. ती फोटो काढून येईपर्यंत ती सोलापूरची बाई ग्रूप सोडून गेली होती.

काकी गडग्याशी आली. आवाज चढलेला. “गेली ती. पाणी पियाच्या आदी उठान गेली. मेल्यानू, यंत्रान ये म्हटला तर कोण बसतलो तुमच्या दारात?”

“काकी, नवो नियम आसा.”

“शिरा पडो तुमच्या नियमार! आणि माका काडतत, ता खरां?”

ओवीने तिला सगळं वाचून दाखवलेलं दिसत होतं. मी चुळबुळ करत म्हटलं, “सगळ्यांका एकच नियम, काकी. जेचां पोर घराक शिकता तोच रवतलो. तुझां आता घराक कोण शिकता?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आमच्या वाडीत कोणीही कोणावर रागावून बघतं, त्याचं काही वाटत नाही.

“रविवारी दुपारी ये,” ती म्हणाली. “येताना तो फॉर्म घेवन ये.”

रविवारी जेवण आटोपून मी गेलो. विनू पडवीत मोठं जाळं पसरून बसला होता. काकी त्याच्या शेजारी बसली, पदर खोचला आणि म्हणाली, “हां. वाच.”

मी फोनवर फॉर्म उघडला. पहिला रकाना होता मुलाचं नाव.

“विनायक,” काकी म्हणाली.

माझा अंगठा तसाच वर राहिला.

“थांबलंस कित्याक? विनायक येयना तुका लिवूक?”

मी लिहिलं. विनूने मान वर केली नाही, पण त्याचा हात थांबला होता. पुढचा रकाना वयाचा. त्यात लिहायचं नव्हतं, तीनपासून अठरापर्यंतच्या आकड्यांतून एक निवडायचा होता.

“चव्वेचाळीस,” काकी म्हणाली.

“काकी, ह्येच्यात अठराच्या फुडे नाय.”

“मगे फॉर्म ल्हान शिवल्यानी. माझो झील आसा तेवडोच आसा.”

मी तो रकाना सोडून पुढे गेलो. किती वर्षांपासून घरी शिकतोय? काकीने बोटं मोडत हिशेब केला. “पस्तीस वर्सां धर.” शाळा सोडण्याचं कारण? यावर ती विनूकडे न बघता बोलायला लागली.

“चवथीत होतो. डबो विसारलो म्हणान मी देवक गेलंय. तर ह्येका भायर उन्हात उभो केललो. वाचूक येयना म्हणान. चड्डी भिजलेली, आणि पोरां खिडकीतसून हसत होती. मास्तर काय वायट नाय होते रे, तेंका एकट्याक तीन वर्ग. पण मी ह्येचो हात धरलंय आणि घराक घेवन इलंय. ‘उद्या धाडा’ म्हणाले. ती उद्या अजून येवची आसा.”

“लोक काय म्हणाले?”

“तुका म्हणतत ताच. तेंका काय दुसरां येता? पण तुका निदान बोलूक हो ग्रूप तरी आसा. माका कोण होतो?” ती जरा हसली. “तुझ्या चेडवाक शाळेतसून काडलंस तेव्हा मी तुका एक शब्द बोललंय काय? बोलूक माझां तोंडच नाय होतां.”

ओवीबद्दल वाडीत एकट्या काकीने सल्ला का दिला नाही, ते मला चार वर्षांनी कळलं. मी फॉर्मकडे बघत राहिलो. पुढचा प्रश्न होता, शिकवण्याची पद्धत कोणती. इथे आमच्या ग्रूपमधले लोक पानभर लिहितात, परदेशातल्या मोठमोठ्या माणसांची नावं घालतात.

काकी म्हणाली, “येता ता करूक दिवचां. येयना ता परत सांगूचां. परत येयना तर आणि एकदा. राग इलो तर आपणच भायर जावन येवचां.”

“आणि ह्या महिन्यात काय शिकलो?”

“भाकरी. थापूक येता, पण तव्यार परतूक गेलो की मोडता. येयत हळूहळू. पेज येता, भात येता, कढी तर माझ्यापेक्षा बरी करता.”

मी न राहवून विचारलं, “आता ह्या वयात तेका भाकरी कित्याक शिकवतंस गो?”

“तुका नकाशे काडूक कोणी शिकवल्यान रे, इतको भोळो तू?” काकी म्हणाली. “मी अडुसष्ट वर्सांची आसंय. शंभर वर्सां बसतलंय काय हय? तेच्या आदी ह्येच्या हाताक सगळां येवक व्हया.”

विनू पुन्हा गाठी मारायला लागला होता. शेवटचा प्रश्न राहिला होता. या समूहाकडून आपली काय अपेक्षा आहे? मी तो वाचला आणि तिला सोपा करून सांगायला गेलो, पण तिला कळला होता.

“माणसां,” ती म्हणाली. “माका माणसां व्हयी. माझ्या मागे ह्येका ‘विनू, जेवलंस काय रे?’ म्हणान कोणीतरी विचारूक व्हया. वाडीतली विचारूची नाय, तेंच्यासाठी तो मुको. म्हणान मी परकी माणसां जमवतंय. पाणी दितंय, गाऱ्हाणां घालतंय, फोन करतंय. सहाशे जमली. तेंतली चार जरी उरली, तरी माझां काम झालां.”

मला स्वतःची लाज वाटली. चांगलीच लाज वाटली, उगाच शब्द फिरवत नाही. एका गडग्याच्या अंतरावर चाळीस वर्षं राहिलो आणि या माणसाला जेवलास का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. बाहेर जाऊन मुलांच्या मनावर भाषणं मात्र देतो.

“फॉर्म जायना, काकी,” मी म्हटलं. वय निवडल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

“मगे सगळ्यांच्या फुडे लिव. मी बोललंय तसांच लिव, एक शब्द गाळू नको. माका लाज कसली? पस्तीस वर्सां शाळा चालवलंय, सुट्टी म्हणान एक दिवस घेवक नाय. आणि तेच्यावर पण काडूक जातत तर काडूनी, मी एकेकाक फोन करून भांडतलंय.”

मी लिहिलं. नाव, वय, उन्हातली ती चड्डी, भाकरी, माणसं, सगळं जसंच्या तसं. आणि ग्रूपवर टाकलं.

 गणिताच्या पुस्तकावरून तीन दिवस भांडणारे सहाशे लोक, त्यांतल्या एकाचंही बोट हललं नाही. दहा मिनिटं गेली. काकी काही न झाल्यासारखी उठली आणि अंगणातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागली. ती प्रत्येक कपडा दोनदा झटकत होती.

मग मृणालताईंचा मेसेज आला. मी मोठ्याने वाचला. “फॉर्ममध्ये वयाचा रकाना मोकळा केला आहे. चव्वेचाळीस लिहा. आपोआप जाणारा मेसेज बंद केला आहे. काकी, माझं चुकलं.”

काकू नाही, काकी लिहिलं होतं. माझ्या ते लक्षात येतंय तोवर दुसरा मेसेज आला आणि तो काकीला नव्हता. “विनू, जेवलात का? आमचा ईशान पाण्याला फार घाबरतो, माणसांनाही. तुम्ही जाळी कशी विणता ते त्याला दाखवाल? आम्ही मे महिन्यात येऊ का?”

काकी कपडे खांद्यावर टाकून धावत आली. माझ्या हातातून फोन घेतला, बटण दाबायला अंगठा नेला, तोंड उघडलं. आणि मिटलं. मग तिने फोन विनूच्या पुढे धरला.

“तुका विचारल्यानी,” ती म्हणाली. “माका नाय.”

विनूने सुई खाली ठेवली. हात लेंग्याला पुसले. मी त्याला बटण दाखवलं, ते त्याने दाबून धरलं. सेकंद पुढे चालले होते आणि विनू नुसता फोनकडे बघत होता. समुद्राचा आवाज जात होता, माडावर एक कावळा ओरडत होता तो जात होता. मला वाटलं, हे काही व्हायचं नाही. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर काकीने माझ्या हातावर चापट मारली. 

“येवा,” विनू म्हणाला.

आणि बोट काढलं. मेसेज अठ्ठावीस सेकंदांचा झाला होता, म्हणजे मृणालताईंच्या नियमातही बसत होता. खाली लगेच उत्तरांची रीघ लागली. नाशिकच्या अर्णवने स्वतः लिहिलं होतं, “विनूकाका, मी पण येऊ?” नागपूर येणार होतं, सांगली नवऱ्याला घेऊन येणार होती. मी विनूला एकेक वाचून दाखवत होतो, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला आपलाच मेसेज परत ऐकायचा होता. मी लावून दिला. त्याने तो अख्खा ऐकला, समुद्रासकट, आणि आपला आवाज आला तेव्हा मान हलवली. मग अजून एकदा लावायची खूण केली.

काकी अंगणात दोरीपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. दोरीवर कपडे उरले नव्हते. मी दोनदा हाक मारली, तरी ती वळली नाही.